नावाखालची लाल रेघ

जुना कॉम्प्युटर बदलायचा, एवढंच काम होतं. मार्चमधला मंगळवार, सकाळचे दहा, आणि बाहेर ऊन असं की बर्फाकडे बघवत नव्हतं. भुताखेतांची वेळ म्हणाल तर मुळीच नव्हे. तेव्हा मधेच हसू नका. हसायचं ते सगळं ऐकून झाल्यावर हसा.

आमचं साप्ताहिक म्हणजे 'किनारा'. सांडविक गाव समुद्राएवढ्या, हिवाळाभर गोठणाऱ्या तळ्याच्या काठावर, आणि गावातले निम्मे लोक आइसलँडहून आलेल्यांचे पणतू-खापरपणतू. नावं अशी की विनिपेगच्या बँकेत तीनदा सांगावी लागतात. मी गुडफिना, जवळच्यांची फिना. ऑफिसात मी एकटीच. बातम्या माझ्याकडे, जाहिराती माझ्याकडे, झाडूसुद्धा माझ्याचकडे. आणि निधनवार्ता. खरं सांगू? पेपर खपतो तो निधनवार्तांवरच.

आता ती लाल रेघ समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कॉम्प्युटरवर अनोळखी शब्द टाइप केला की त्याच्याखाली लाल, नागमोडी रेघ येते. आमची नावं त्याला सगळीच अनोळखी. पण तुम्ही त्याला शब्द शिकवू शकता. एकदा शिकवला की तो त्याच्या यादीत जातो आणि मग रेघ येत नाही.

आम्मा वाल्गाचा नियम होता: जिवंत माणसाच्या नावाखाली रेघ आली तर येऊ दे. माणूस गेला की मात्र निधनवार्ता लिहिताना त्याचं नाव शिकवायचं. "गेलेल्याच्या नावाखाली चुकीची खूण नको गं," म्हणायची. तिचं खरं नाव वाल्गेर्दूर. आमच्यात आजीला आम्मा म्हणतात. तशी ती माझी कोणी नव्हती, पण सारं गाव तिला आम्माच म्हणायचं. माझ्याआधी संपादक तीच. बावीस वर्षं मी तिच्या हाताखाली काढली. दातात साखरेचा खडा धरून काळी कॉफी प्यायची आणि तो खडा फोडायची, कट्ट! तो आवाज आला की समजायचं, माझ्या मजकुरात चूक सापडली. अंगाला कायम वेलदोड्याचा वास, कारण दर रविवारी तिचा वेलदोडा घातलेला आलुबुखाराचा थरांचा केक व्हायचा. आणि हातात लाल पेन. माझी एक ओळ तिने कधी सरळ जाऊ दिली नाही. एक ओळ नाही!

तीन वर्षांपूर्वी ती वारली, हॉस्पिटलात. स्वतःची निधनवार्ता आधीच लिहून ठेवली होती, फक्त तारखेची जागा मोकळी. मी तारीख भरली. 'वाल्गेर्दूर' या नावाखाली लाल रेघ दिसत होती. कळ दाबून शिकवायचं, दोन सेकंदांचं काम. मी नाही शिकवलं. म्हटलं, बावीस वर्षं मला लाल रेघा दिल्यास ना, आता घे एक तुला. छापताना रेघ दिसत नाही, कोणाला कळणार होतं?

असो. तर त्या मंगळवारी विनिपेगहून मारिविक दलिसाय आली होती, कॉम्प्युटरवाली. जुन्या सिस्टिमवर आता छापखान्याची फाइलच उघडेना, म्हणून नवं मशीन, नवी सिस्टिम. मारिविक चाळिशीतली, शांत, स्वेटरावर स्वेटर घातलेली. शिवाय खिडकीपाशी आमचा ओडलेफ. निवृत्त पोस्टमन, रोज दहाला कॉफीला यायचाच.

"ताई, सगळं नव्यावर जाईल," मारिविक म्हणाली. "फक्त ही शिकवलेल्या शब्दांची यादी आपोआप जात नाही. राहू दे?"

"राहू दे काय! माझे आईवडील आहेत त्यात."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि यादी उघडली. एकाखाली एक नुसती नावं, ज्या क्रमाने शिकवली त्या क्रमाने. ती खाली खाली गेली.

"शेवटचं कोण हे... ओडलेफ?"

ओडलेफने कप खाली ठेवला. "हा काय मी! कधी गेलो मी? मला कोणी कळवलंसुद्धा नाही." आणि स्वतःच खो-खो हसला. "फिने, बिलं थकली का गं माझी, की आधीच उरकून टाकलंस?"

मीही हसले. पण हसता हसता एक गोष्ट आठवली. आम्मा गेल्यापासून मी एकही नाव शिकवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. निधनवार्ता लिहायला बसावं, तर नावाखाली रेघ यायचीच नाही. मला वाटायचं, मशीन म्हातारं झालं, त्याला दिसेनासं झालं.

"ताई," मारिविक हळूच म्हणाली, "ही यादी इथेच ठेवूया ना. नव्याला कशाला..."

"टाक म्हणते ना," मी म्हटलं. माझ्या आईच्या नावाखाली लाल रेघ? मी जिवंत असताना? तिने टाकली.

ओडलेफ शुक्रवारी गेला. दारातला बर्फ काढताना बसला तो बसलाच. निधनवार्ता मी नव्या मशीनवर लिहिली. नावाखाली रेघ नव्हती.

पुढचा बुधवार. बुधवारी चारला पानं छापखान्यात जातात. दुपारी दीडला मी मासेमारीची बातमी लिहीत होते: हंगाम संपत आला, बर्फाखालची शेवटची जाळी निघताहेत, अमका तळ्यावर गेला, तमका गेला. नावं टाइप करत होते आणि प्रत्येकाखाली लाल रेघ उमटत होती. इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मग लिहिलं, थोरग्रिम.

रेघ आली नाही.

थोरग्रिम माझा नवरा. या नावाचा गावात दुसरा माणूस नाही, कधी झाला नाही. सकाळी सहालाच तो बर्फगाडी घेऊन तळ्यावर गेला होता, काठापासून सात मैल. मी नाव खोडलं, परत लिहिलं. रेघ नाही. यादी उघडली. सगळ्यात खाली, ओडलेफच्या खाली, तो.

फोन लावला. वाऱ्यातून त्याचा आवाज आला, "काय गं?"

"आत्ताच्या आत्ता परत ये."

"का? काय झालं?"

"तुझ्या नावाखाली रेघ येत नाहीये."

तो वाऱ्यात हसला. मग म्हणाला, "फिने, तीन जाळी राहिलीत. ती काय तुझा कॉम्प्युटर येऊन काढणार?"

"थोरग्रिम, चेष्टा नको! ओडलेफचं असंच..."

"बरं बाई, दोन काढतो नि येतो. तुझी रेघ तोवर..." आणि फोन तुटला. परत लागला नाही. तिकडे निम्म्या ठिकाणी लागतच नाही. दोघा कोळ्यांच्या घरी फोन केले. सगळे तळ्यावर, कोणी त्याच्या बाजूला नाही. बचाववाल्यांना कळवलं. ते म्हणाले, निघतो, पण यायला दोन तास. का बोलावतेय ते मी खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

मग मी खुर्ची ओढली. यादीतलं त्याचं नाव पुसलं आणि टाइप करून बघितलं. रेघ आली. मोठ्ठा श्वास सोडला.

मागे आवाज झाला. कट्ट!

मी वळले नाही. ऑफिसात वेलदोड्याचा वास यायला लागला, आधी जरासा, मग असा की ओव्हनचं दार उघडावं. हीटर चालू असून बोटं गार पडली. समोर, पडद्यावर, थोरग्रिमच्या नावाखालची रेघ एका टोकाकडून पुसत गेली. हात माझे मांडीवर होते.

मी यादी उघडली. नाव परत तिथेच.

अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त राग आला. बावीस वर्षं गप्प बसले होते ना, तो सगळा. "आम्मा," मी मोठ्याने म्हटलं, "बातम्या तू तपास. माझा नवरा तपासायचं काम तुझं नाही." आणि पुसलं.

कट्ट. नाव परत आलं. मी पुसलं. परत आलं. पुसलं. असं करता करता तीन वाजले. छापखान्याचा फोन वाजत होता, वाजू दिला. कधी नाव लगेच यायचं, कधी दहा मिनिटं लावायचं. मला वाटायचं, दमली. तेवढ्यात कानाजवळ कट्ट. डोळे चुरचुरायला लागले, तरी पापणी लववली नाही. पुसल्याचे आकडे मी कागदावर काढत होते, का ते विचारू नका, हाताला काहीतरी हवं होतं. अकराव्यांदा पुसलं तेव्हा चारला पाच मिनिटं होती. त्यानंतर ते आलं नाही. वासही गेला. मी तशीच बसून राहिले, बोट कळेवर.

साडेपाचला दार उघडलं. बचाववाल्यांच्या घोंगडीत गुंडाळलेला थोरग्रिम, हॉस्पिटलाच्या आधी इथेच न्या म्हणून हटून बसलेला, ओठ निळे, दाढीत बर्फ. मी उठून त्याला एक चापट मारली आणि मग मिठी मारली.

"गाडी गेली," तो म्हणाला. "परत फिरलो होतो गं, तुझ्या बोलण्याने फिरलो. बर्फाला भेग पडली. गाडी गेली, मी वर आलो. कडेला धरलं तर कड तुटली, परत खाली. परत वर आलो. परत तुटली. किती वेळा ते देव जाणे. दर वेळी वाटायचं, संपलं... आणि दर वेळी वर."

मी टेबलावरचा कागद चुरगळून खिशात घातला. आकडा त्याला आजवर सांगितलेला नाही.

त्याला हॉस्पिटलात पोचवून मी परत ऑफिसात आले. कारण आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. नव्या मशीनवर टाइप केलं, वाल्गेर्दूर. खाली लाल रेघ. म्हणजे माझ्या खोडीने मी तिला जिवंतांतच ठेवली होती, आणि तिला काम केल्याशिवाय राहवत नाही हे मला माहीत नव्हतं थोडंच? उजवी कळ दाबली, शब्द शिकवला. रेघ गेली. "जा आता," म्हटलं. "झोप."

गुरुवारी सकाळी आले. यादीतून वाल्गेर्दूर गायब. तिच्या जागी, सगळ्यात खाली, गुडफिना.

मारिविकला फोन केला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, सगळी यादीच उडवा." उडवली, आईवडिलांसकट, रडत रडत. दुसऱ्या दिवशी यादीत एकच शब्द होता. माझा. मग म्हटलं, मरू दे, निदान आईवडील तरी असू देत, आणि जुन्या मशीनवरची यादी परत घातली.

याला आता चौदा महिने झाले. रोज सकाळी ऑफिस उघडायचं, कोट काढायच्या आधी स्वतःचं नाव पुसायचं, तिचं शिकवायचं. रोज ती तिचं काढते आणि माझं घालते. रविवारीसुद्धा जाते मी. ताप असला तरी जाते. एकदा हिमवादळात थोरग्रिमने कंबरेला दोर बांधून मला ऑफिसापर्यंत नेलं. काही विचारत नाही तो, पण बर्फावर पुन्हा गेलेला नाही.

मारिविक म्हणते, माफी मागा, थांबेल ती. चूक माझी होती, कबूल. मागेन की मी माफी. पण आधी माझ्या नवऱ्याच्या नावाला हात लावल्याबद्दल तिने मागावी. बावीस वर्षांत तिने कधी कोणाची मागितली नाही. बघू कोण आधी थकतं. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि माझी तब्येत ठणठणीत आहे.

हे सगळं तिच्याच खुर्चीत बसून लिहिते आहे. दुपारचे तीन वाजलेत. आत्ता वर बघितलं, तर या पानावर थोरग्रिमखाली लाल रेघ, मारिविकखाली रेघ, वाल्गेर्दूरखाली रेघ. गुडफिना मात्र स्वच्छ. सकाळीच पुसलं होतं मी. आम्मा दिवसातून दोनदा यायला लागली म्हणजे आता.

कॉफीच्या बशीत मी साखरेचे दोन खडे ठेवले होते. एक आहे. दुसऱ्याचा अर्धाच उरलाय, आणि त्याची तुटलेली कड ओली आहे.

थांबा, आधी नाव पुसते.

आली. माझ्या नावाखाली आली रेघ, लाल, वाकडीतिकडी. घे आम्मा, काढ चूक.