हात पाठीमागे

पाण्याखाली श्वास किती वेळ रोखता येतो, एवढंच ती पाहत होती. पण पोहण्याच्या तलावावर त्याच सकाळी रुजू झालेल्या जीवरक्षकाला दिसली ती काठावरची रिकामी चाकाची खुर्ची आणि पाण्यात निश्चल लोंबणारे पाय. मग काय, त्याने बुटांसकट उडी मारली आणि तिला दंडाला धरून वर काढलं.

"घाबरू नका... मी आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही आलात म्हणूनच घाबरले," तिने तोंडावरचं पाणी निपटलं. "बुडत नव्हते हो मी. आणि तुमचा एक बूट तिकडे तरंगतोय."

काठावर बसलेल्या तिच्या दादाची हसून हसून मुरकुंडी वळली. जीवरक्षकाने चटका बसल्यासारखा तिचा दंड सोडला. कानापर्यंत लाल झालेला तो चेहरा तिला आवडला होता, पण तिने तसं काही दाखवलं नाही.

लहानपणीच्या आजारानंतर ती कधी उभी राहिली नव्हती. शिवणकाम करायची. मशीनवर वाकून दुपारपर्यंत पाठ भरून यायची, रात्री कूस बदलताना जीव मेटाकुटीला यायचा. पोहायला लागली आणि पाठ गप्प बसली, गाढ झोप लागू लागली. खांदे तर असे भरले, की स्वतःच्याच कपड्यांच्या बाह्या उसवून सैल कराव्या लागल्या. आईचं आपलं एकच पालुपद, "आधीच पायांची साथ नाही, त्यात हातही दमवून घे म्हणजे झालं."

आणि आता हे सगळंच सुटायची वेळ आली होती. दादा दुसऱ्या गावी नोकरीला निघाला होता. तलावाचा नियम असा, की ज्याला आपलं आपण पाण्याबाहेर येता येत नाही, त्याच्यासोबत घरचं माणूस हवंच. रोज तिला उचलून बाहेर घेणारा दादा गेला, की पोहणं बंद.

"मी काढेन ना बाहेर," जीवरक्षक पटकन म्हणाला.

"एकदा काढलंत, तेवढं पुरे झालं. मला माझी मी यायचंय. शिकवणार असाल तर बोला."

तो शिकवू लागला. तळवे काठावर रोवायचे, अंग वर रेटायचं, कोपरं ताठ झाली की कंबर वळवून काठावर बसायचं. ऐकायला सोपं. ती अर्ध्यावर यायची आणि धपकन पाण्यात. त्याचा हात आपसूक पुढे व्हायचा.

"हात," ती दटावायची.

तो मुकाट्याने हात पाठीमागे बांधायचा.

"फार अवघड आहे हो," एकदा तो म्हणाला.

"मला सांगताय?"

"तुमचं नाही... माझं. नुसतं बघत उभं राहायचं म्हणजे..."

एरवी तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण त्या दिवशी तिने सरळ बुडी मारली, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ खाली राहिली.

दादाच्या निघण्याच्या आदल्या दिवशी आईसुद्धा तलावावर आली. तिच्यादेखतच पहिला प्रयत्न फसला. "राहू दे गं, कशाला जिवाचे हाल," आई म्हणाली. तिने ओठ आवळले. तळवे रोवले. दंड थरथरले, कोपरं ताठ झाली... आणि कंबर वळली. ती काठावर बसली होती. पाणी निथळत होतं आणि ती हसत सुटली होती.

"अगं बाई," आईने तोंडाला पदर लावला, "एवढी ताकद आली कुठून तुझ्यात?"

जीवरक्षक तसाच उभा होता. हात पाठीमागे, डोळे भरलेले.

"आता द्या हात," ती हळूच म्हणाली.

"कशाला? जमलं की तुम्हाला."

"जमलं म्हणूनच मागतेय. आधी घेतला असता, तर आधारासाठी घेतला असं वाटलं असतं... तुम्हालाही, मलाही."

त्याने हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला आणि त्याला ओढून शेजारी बसवलं. त्याचे पाय थेट पाण्यात गेले.

"तुमचे बूट..." ती म्हणाली.

"भिजू देत."