रंग न धरणारी खुर्ची

लोखंडाला रंगाची पावडर मारणं सोपं असतं. बंदुकीतून सुटणाऱ्या पावडरीला विजेचा भार दिलेला असतो, लोखंड तारेनं जमिनीला जोडलेलं असतं, आणि पावडर आपसूक जाऊन त्याला चिकटते. मग भट्टीत भाजली की रंग पक्का. लाकडाचं तसं नाही. त्यातून वीज वाहत नाही. त्याला आधी भट्टीत हलकं तापवायचं, म्हणजे आतला ओलावा वर येतो, आणि त्या ओलाव्याच्या आधारावर ते जेमतेम पावडर धरतं. जास्त तापलं तर तडकतं, कमी तापलं तर सगळी पावडर खाली सांडते. लाकूड म्हणजे रुसलेला जावई, असं रंगारी म्हणायचा. स्वतःचा जावई आसपास नसेल तेव्हा.

त्या दिवशी त्यानं बायकोची खुर्ची रंगवायला घेतली होती.

रुंद हातांची, जड लाकडाची खुर्ची. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्यावर आठवड्याभरातच त्यानं तिचे सगळे कपडे देऊन टाकले, कारण कपाट उघडलं की त्याला श्वास घेता येईना. लेकीला ते कळलं तेव्हा तिनं बोलणंच टाकलं. ते आत्ता कुठे सुरू झालं होतं. तिला सातवा महिना होता. आईनं आपल्याला ज्या खुर्चीत बसून पाजलं त्याच खुर्चीत बसून आपणही बाळाला पाजायचं, एवढंच तिचं मागणं होतं. फक्त तिच्या खोलीला शोभेल असा फिकट पिस्ता रंग हवा होता. संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर खुर्ची न्यायला येणार होती. आईची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती बिघडवून चालणार नव्हतं.

बायको असती तर तिनं खुर्चीला बोटही लावू दिलं नसतं. लाकूड लाकडासारखं दिसू दे, जगातलं सगळं तुला रंगवायलाच दिलंय का, हे तिचं ठरलेलं वाक्य.

खुर्ची टांगायच्या नेहमीच्या लोखंडी आकड्यांत मावेना, म्हणून त्यानं आणि मेहुण्यानं ती नायलॉनच्या पट्ट्यांवर टांगली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कारखान्यातला भागीदार आणि रोजची डोकेदुखी. जमिनीची तार जोडणं हे त्याचं काम.

पहिल्या फेरीत पावडर छान बसली. फक्त खुर्चीच्या डाव्या हातावर, पुढच्या टोकाला, तळव्याएवढी जागा कोरडी राहिली.

असं होतं. वर्षानुवर्षं हात टेकून तिथे तेल मुरलं असेल. त्यानं हवेच्या नळीनं सगळी पावडर उडवली, तेवढा भाग घासला, स्पिरिटनं पुसला, खुर्ची पुन्हा तापवली आणि पुन्हा मारली. डावा हात भरला. उजवा कोरडा राहिला.

मेहुणा म्हणाला की बंदूक म्हातारी झाली, का बंदूकवाला, ते बघायला हवं. रंगाऱ्यानं त्याला भट्टीकडे पिटाळलं. पुन्हा उडवा, पुसा, तापवा. या वेळी वीज वाहून नेणारं द्रावणही ब्रशनं सगळीकडे लावलं. आता दोन्ही हात कोरडे राहिले आणि बैठकीवर एक मोठा गोल. पावडर तिथवर जायची आणि बाजूला वळायची. वाटेत कुणी उभं असलं की माणसं वळतात तशी.

दुपार टळली होती. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, नाकात पावडर गेली होती. त्यानं मीटर आणून जागोजाग लावलं. कोरड्या जागी आणि भरलेल्या जागी आकडा सारखाच. मग हे लाकूड ऐकत का नाही, असं तो तोंडानं पुटपुटत वाकला, तर तारेचा चिमटा पायाशी पडलेला. जोडलेलाच नव्हता.

त्यानं मेहुण्याचा उद्धार केला. मेहुण्यानं तो खाली मान घालून ऐकून घेतला आणि मग हळूच विचारलं की चिमटा जोडलाच नव्हता, तर बाकीची पावडर तरी बसली कशी?

हे रंगाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं मीटरची एक सळई खुर्चीला लावली, दुसरी जमिनीतल्या पट्टीला.

मीटर वाजलं. सरळ, अखंड, म्हणजे खुर्ची जमिनीला जोडलेली होती.

"भावोजी, ही तर नायलॉनवर टांगलीय, त्यातून वीज जात नाही," मेहुणा म्हणाला. "जमिनीला टेकलीय कुठे?"

रंगाऱ्यानं खुर्चीखालून हात फिरवला. खाली नुसती हवा होती. मीटर वाजतच राहिलं. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला टेकलेले असले तर वाजेल, तसं.

मेहुणा बाहेर जाऊन उभा राहिला.

रंगाऱ्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याला आला तो वैताग. संसारभर अंगवळणी पडलेला, जुना, ओळखीचा वैताग.

"अगं, माझ्यासाठी नाही मागत मी," तो खुर्चीकडे बघून म्हणाला. "पोरीला हवीय. तिला बाळ घेऊन बसायचंय. एकदा तरी माझं ऐक. सोड ती."

मीटर थांबलं.

त्यानं चिमटा जोडला, खुर्ची तापवली, पावडर मारली. एकसारखी बसली. कुठे डाग नाही, कुठे कोरडं नाही. भट्टीतून निघाली ती एखाद्या दुकानातल्या नव्या खुर्चीसारखी. त्यानं ती भिंतीला टेकवून निवत ठेवली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि कपडे बदलले.

लेक आली तेव्हा जावई गाडी मागे घेत होता आणि मेहुणा त्याला वाट दाखवत होता. ती एकटीच आत आली. गडद निळा, सैल झगा. खुर्ची बघून तिचे डोळे भरले. जपून बसली, डोकं मागे टेकलं, डोळे मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "अगदी तशीच वाटते."

रंगाऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो लांबूनच बघत राहिला. मग ती उठली आणि खाली बघून वैतागली.

"काय हो बाबा. नवा होता हा. पाहून तरी हात लावायचा."

त्यानं आपले हात पाहिले. नखंसुद्धा स्वच्छ होती.

तिच्या पोटावर पिस्ता रंगाचे दोन पंजे उमटले होते. एक डावीकडून, एक उजवीकडून, बोटं मध्ये एकमेकांना भिडलेली. मांडीवर बसवलेल्या पोराला मागून धरावं तसे.

ती झटकू लागली. न भाजलेली पावडर नुसत्या फुंकरीनं उडते.

ही उडेना. तो जवळ गेला आणि त्यानं नख लावून पाहिलं.

पक्की होती. गुळगुळीत, आणि अजून कोमट.