टाकीतली मरळ

प्लेग यायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. शीवच्या खाडीवर मी जाळ्यातनं ढोमी मासे सोडवत बसले होते, तर एक कोटवाला समोर येऊन उभा. हातात बादली.

"जिवंत मासे मिळतील का?"

"जिवंत कशाला? कालवण करायच्या आधी गप्पा मारायच्यात?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला! पण दुसऱ्या दिवशी परत हजर… तिसऱ्या दिवशीही. मला आपलं वाटलं, मासे हे निमित्त. खोटं कशाला बोलू, चौथ्या दिवशी मी केसांत अबोली माळून गेले.

तो आला, पण चेहरा पडलेला. "सगळे मेले गं. कालचेसुद्धा." मग बसला आणि सांगितलं. नाव उत्तम. आमच्या कोळीवाड्याच्या टोकाला नव्या विलायती तऱ्हेची टाकी बांधली होती, तिच्यावरचा ओव्हरसियर. गटाराचं पाणी आत यायचं, विटांच्या तुकड्यांतून झिरपायचं आणि निवळून खाडीत जायचं. ते खरंच निवळलं का, हे बघायला तो त्यात मासे सोडत होता. सोमवारी मोठा साहेब येणार. मासे जगले नाहीत तर टाकी बंद, आणि उत्तमची रवानगी पुण्याला.

मी कपाळावर हात मारला. "अहो सायेब, खाडीचा मासा गोड्या पाण्यात सोडलात? मरेल नाही तर काय करेल!"

"कोळ्याच्या पोराला एवढंही कळू नये…" तो पुटपुटला.

"कोळी? तुम्ही?"

"मांडवीचा. बाबांनी होडी सोडून गोदीत कारकुनी धरली. मी आपला पुस्तकांत वाढलो."

कोळी! मला इतका आनंद झाला की जाळं हातातच राहिलं. हा माणूस पुण्याला जाता कामा नये, एवढंच डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यातल्या दोन मरळी घागरीतून नेल्या. त्या जगल्या. एक दिवस, दोन दिवस… उत्तम पोरासारखा खूश. "गुणवंती, तू माझी लाज राखलीस!" म्हणत त्यानं माझा हातच धरला, मग दचकून सोडला.

पण खरं सांगायचं तर मरळ भलती निलाजरी. तोंड वर काढून हवा घेते, चिखलात, घाण पाण्यातसुद्धा जगते. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर तीच नेली होती. आणि टाकीचं पाणी आमच्याच खाडीत पडत होतं.

रविवारी मी सगळं सांगून टाकलं.

"का केलंस असं?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून! आणखी कशाला?" बोलून गेले… आणि पदर तोंडाशी धरला.

तो टाकीच्या काठाशी उकिडवा बसला. "मग आता का सांगितलंस?"

"खाडीवर आमचं पोट आहे हो."

त्यानं स्वतःच्या हातानं मरळी बाहेर काढल्या. "पाणी चांगलं नसेल तर जगणार नाही, असा मासा आणून दे." मी तळ्यातले बारीक चंदेरी मासे आणले. बारा. नुसता हात लागला तरी मरणारे.

सोमवारी साहेबानं टाकीत वाकून पाहिलं. पाच जिवंत होते, सात पाण्यावर तरंगत होते. उत्तमनं वहीत तेच लिहून दिलं. टाकी बंद करायचा हुकूम झाला, गडी विटा उपसायला लागले.

साहेबाची गाडी गेली तशी मी धावत गेले. रडूही येत होतं, रागही. "मरळच ठेवायची होतीत! इथंच राहिला असतात!"

"राहिलो असतो… पण तुझ्याकडे मान वर करून बघता आलं नसतं."

"आता तरी काय बघणार? चाललात की पुण्याला!"

"सकाळी तुझ्या बाबांकडे गेलो होतो," तो हळूच म्हणाला. "साहेब यायच्या आधी."

"काय म्हणाला माझा बापूस?"

"म्हणाले, पोरगी माझं कुठं ऐकते? तिलाच विचार."

"मग विचारा की! …उभे काय राहिलात?"

त्यानं विचारलं. आणि मी एवढ्या मोठ्यानं हो म्हटलं, की टाकीतल्या विटा उपसणारे गडी घमेली खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागले.