दारवानाची राहिलेली ओळ

"गद्दार म्हणे! डोळे घरी ठेवून आलात का सगळे?"

वाचनालयाच्या वरच्या खोलीतली चाळीस डोकी एकदम मागे वळली. दारात इस्पितळाच्या निळ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. ती आली होती नुसती मैत्रिणीला न्यायला, पण पाच मिनिटांत तिचा पारा चढला होता. अवकाशयानाच्या त्या गाजलेल्या परदेशी सिनेमाचे वेडे दर रविवारी सकाळी इथं जमायचे. आजचा वाद होता यानाच्या दारवानावर, आणि सिनेमा तिनंही पाहिला होता. जेमतेम दोन मिनिटांचा खलनायक! पलीकडच्या कप्प्यात कप्तानाची बहीण अडकलेली असताना हा पाठ फिरवून दार लावतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो.

"स्वतःचा जीव वाचवायला पळाला तो," पुढं बसलेला तरुण शांतपणे म्हणाला. सिनेमाचे आपल्या भाषेतले संवाद यानंच लिहिलेले. त्यामुळे त्याचा शब्द इथं काळ्या दगडावरची रेघ.

"पळणारा माणूस आधी दाबाचा काटा बघतो होय? मी रोज ऑक्सिजनच्या टाक्या सांभाळते. काटा बघून दार लावणाऱ्याला पलीकडं काय झालंय ते कळलेलं असतं!"

सगळे हसले. कुणीतरी तिला 'काटेवाली' म्हणून मोकळं झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि म्हणूनच पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर! त्याच्या पुढच्याही. तिचा आणि त्या संवाद लिहिणाऱ्याचा वाद खोलीतून जिन्यावर आला, जिन्यावरून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेला. 'अहो'चं कधी 'अरे' झालं, कळलंच नाही. तिच्या कपातली साखर तो न विचारता ढवळून द्यायचा, आणि वर म्हणायचा, "पण होता गद्दारच." अस्सा राग यायचा तिला!

"भांडायलाच जातेस ना?" आई विचारायची. "मग केस कशाला धुतेस गं?"

पाचव्या रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

"काटेवालीचं बरोबर आहे. मूळ सिनेमात दारवान बोलतो... 'पलीकडची हवा संपलीय. उघडलं तर इकडं झोपलेले सगळे जातील.' मी ओठांची हालचाल बघून संवाद लिहितो. तो पाठमोरा होता, आणि ती ओळ माझ्याकडून राहूनच गेली. चूक माझी. पहिल्या दिवशी काट्याचं निघालं, तेव्हाच आठवलं होतं मला."

खोलीत एकच गलका झाला. ती मात्र जिंकूनही संतापली. जिन्यावर तिनं त्याला गाठलं.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुला? आणि चाळीस जणांत मला खोटं पाडलंस?"

"आधी अब्रूची भीती वाटली," तो खाली बघत म्हणाला. "नंतर — कबूल केलं असतं तर वाद मिटला असता. मग तू कशाला आली असतीस?"

"मग आज का बोललास?"

"गेल्या रविवारी म्हणालीस ना... सगळे हसले तरी चालतं, मी हसलो की लागतं. त्यानंतर जेवण गोड लागलं नाही मला." त्यानं सुस्कारा सोडला. "आता वाद संपला. आता तू येणार नाहीस, ठाऊक आहे मला."

"झालं! त्या बिचाऱ्याच्या मनातलं तूच ठरवलंस, आता माझ्याही मनातलं तूच ठरव! एकदा विचारावं की माणसानं!"

तो गांगरला. "मग... काय आहे तुझ्या मनात?"

"प्रेम आहे, मूर्खा!"

ती इतक्या जोरात ओरडली, की वरच्या खोलीतला गलका एकदम थांबला.