सात नंबरचा पत्ता

ही घडलेली गोष्ट आहे. तोरुनला थट्टा जमत नाही आणि खोटं तर त्याहून नाही. तिने सांगितली तशीच सांगते.

उत्तर नॉर्वेतलं एक बेट. डिसेंबरातली दुपार, पण बाहेर मिट्ट काळोख. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही.

वृद्धाश्रमाच्या तळघरात तोरुन एकटीच काम करत बसली होती.

वर प्रत्येक खोलीत उशाशी एक बेल. तिची तार खाली, या तळघरातल्या नेटवर्क स्विचला, म्हणजे सगळ्या तारा एकत्र येतात त्या डब्याला. स्विच नवा होता. आता प्रत्येक बेलला तिचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर, द्यायचा होता; जो खोलीचा नंबर, तोच पत्ता. पत्ता नसेल, तर म्हाताऱ्याने कितीही बेल दाबली तरी कुणाला कळणार नाही.

आणि उद्या सात नंबरच्या खोलीत तिचे बाबा, आस्लाक, राहायला येणार होते.

ते पडले तर त्या बेलशिवाय जवळ कुणी नव्हतं. तोरुनला तर संध्याकाळच्या बोटीने तान्ह्या लेकीकडे परतायचं होतं.

पत्ता देण्याआधी ती लॅपटॉपवरून त्या पत्त्याला एक हाक घालायची. आहे का कुणी? उत्तर आलं नाही, की पत्ता मोकळा.

एक ते सहा... सगळे गप्प.

तिने सातला हाक घातली.

उत्तर आलं...

जुना प्रिंटर असेल कुठेतरी, असं म्हणत ती वर जाऊन आली. सातच्या खोलीत गादी गुंडाळलेली. भिंतीतली बेलची जागा अजून रिकामी.

मग तिने स्विचच्या केबली एकेक करून उपसल्या. जी केबल काढल्यावर उत्तर थांबेल, तिथे चोर.

शेवटी स्विचला फक्त तिचा लॅपटॉप उरला.

उत्तर येतच होतं...

रखवालदार ओदवार कॉफी घेऊन खाली आला. "अजून जुंपलेलीच? बोट काय तुझ्या सासऱ्याची आहे, थांबायला?"

"सातमध्ये आधी कोण होतं?"

"गुदलाउग. दिवसभर बेल दाबायची. आम्ही धावत जावं, तर म्हणायची, काही नको रे. कुणी आहे का, एवढंच बघत होते."

"तिची बेल कुठंय?"

ओदवारने कप खाली ठेवला.

"शवपेटीत. तार काढून मीच मुठीत दिली. धरायला दुसरा हात नव्हता, पोरी."

तोरुनने हाक घालणं थांबवलं.

स्क्रीन क्षणभर स्तब्ध...

मग सातकडूनच एक हाक आली.

आहे का कुणी?

दुसरी खोली रिकामी नव्हती. तोरुनने केबली परत जोडल्या, सातच्या खोलीत बाबांसाठी नवी बेल लावली आणि तिला मोकळा असलेला सतराचा पत्ता दिला. बेल दाबून पाहिली. वाजली. बोट गाठली.

पुढच्या आठवड्यात तिने फोन केला. "बाबा, बेल चालते ना?"

"दाबायची वेळच येत नाही गं. त्याआधीच कुणीतरी दाराशी येऊन विचारतं, आहेस का?"

"मग... तुम्ही काय म्हणता?"

"आहे म्हणतो. नाही कसं म्हणू? एकटी आहे बिचारी."

तेव्हापासून लेकीला झोपवलं, की तोरुन घरून दोन्ही पत्त्यांना हाक घालते.

सातचं उत्तर लगेच येतं.

बाबांच्या सतराचंही येतं...

हल्ली जरा उशिरा.