नाण्याची समोरची कड

“खोटं आहे, आजोबा! साफ खोटं!” नाणेवाले काका म्हणाले आणि त्यांनी भिंग बाजूला ठेवलं.

काउंटरवर आजीचं नाणं पडलं होतं. जुनं, काळपट, आणि एका बाजूने तुकडा गेलेलं. कुणी बिस्किटाचा घास घ्यावा तसं.

“टांकसाळीतूनच असं निघालंय ते!” आजोबांची नात, पाहुणी, म्हणाली. “आजी सांगायची.”

“अगं बाळ, कापलंय कुणीतरी. आणि हे बघ, तुकडा गेलाय त्याच्या बरोब्बर समोरची कडही पुसट. घासलीय! आता माझ्याकडची बघ.” काचेखाली काकांची स्वतःची चावकी, म्हणजे अशीच तुकडा गेलेली नाणी मांडली होती, नवी नि चकचकीत. ‘टांकसाळीची दुर्मिळ चूक’ अशी वर पाटी. “सगळीकडून कशी ठसठशीत कड! रविवारच्या प्रदर्शनात तुमचं हे मांडलंत तर लोक हसतील, आजोबा. हवं तर ठेवून जा, मोडीत घेतो.”

आजोबांनी नाणं रुमालात गुंडाळलं आणि ते चालू लागले.

तिला ‘पाहुणी’ हे नाव गल्लीतल्या मुलांनी दिलं होतं. दर सुट्टीत येऊनही ती पाहुणीच राहिली. याआधी तिला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण घरात आजी असायची. आजी गेल्यानंतरची ही पहिली सुट्टी. पुढच्या खोलीतली खिडकी आजोबा उघडतच नव्हते. ती घट्ट बसायची आणि रोज सकाळी धक्का देऊन उघडायचं काम आजीचं असायचं. त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागे. त्या दिव्याखाली दोघं समोरासमोर जेवत, आणि ताटांचा तेवढा आवाज होई.

“ते नाणं तिला मीच दिलं होतं,” आजोबा त्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले. “बसमध्ये. ती कंडक्टर होती. मला कुठेतरी सुट्ट्यात आलेलं, मी न बघताच पुढे केलं. तर भर बसमध्ये म्हणते कशी, ‘काय हो, कापून आणलंत का?’ सगळे हसले. मी म्हटलं, ‘शप्पथ, नाही!’ तिने घेतलं आणि तिकीट दिलं. बॅगेत तिने स्वतःचं नाणं टाकलं आणि हे जवळ ठेवलं. लग्नानंतर मला दाखवलं तेव्हा कळलं.”

“मग?”

“मग काय! तेच नाणं कापलेलं निघालं. म्हणजे मी तिला फसवलंच की गं. नकळत का होईना. आणि आता कबूल करायला जावं, तर ती नाही.”

ते अर्ध्या जेवणावरून उठले. पाहुणीने दोन्ही ताटं उचलून ठेवली.

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. समोरून शेजारचा शिट्टी येत होता. पुढचा दात पडल्यापासून त्याच्या प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजायची. त्याने मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं होतं आणि गल्लीतून ओढत आणलं होतं. मागून त्याची धाकटी बहीण, टपाल. तिला काहीही सांगा, घरोघर पोचलंच म्हणून समजा!

“काय गं पाहुणी, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?” शिट्टीने विचारलं. “चल, खजिना शोधू! सकाळपासून सात खिळे आणि एक बिजागरी!”

पाहुणी नाइलाजाने उठली. चुंबक फरफटत तिघं बाजाराच्या मागच्या बोळात शिरली. नाणेवाल्या काकांच्या मागच्या दारापाशी कचऱ्याचा ढीग होता. त्यावरून चुंबक गेलं आणि टपाल किंचाळली.

“नखं! राक्षसाने नखं कापली!”

चुंबकाला चंद्रकोरीसारखे चकचकीत तुकडे चिकटले होते. पाहुणीने एक काढून तळहातावर घेतली. बाहेरच्या बाजूला नाण्याची कड आणि आत अर्धं कापलेलं अक्षर.

“शिट्टी! नाणं आधी होतं की ठसा?”

“हे काय कोडं?”

“आजीने सांगितलं होतं. धातूच्या पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात. पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच घाव पडतो आणि चकती चावकी निघते. ठसा मारतात तो त्यानंतर!”

“म्हणजे तुकडा जातो तेव्हा चकती कोरी असते,” शिट्टी म्हणाला. मग त्याने डोळे वटारले. “मग या तुकड्यावर अक्षर कुठून आलं? आयला! काका स्वतःच नाणी कापतात!”

“मी सांगून येते!” टपाल पळायच्या बेतात होती. शिट्टीने तिचा फ्रॉक धरला.

“थांब,” पाहुणी म्हणाली. “यातून काका खोटे ठरतात. आजीचं नाणं खरं नाही ठरत. त्याची समोरची कड पुसट का, ते कळायला हवं.”

शिट्टीच्या स्वयंपाकघरात त्यांनी घट्ट कणीक मळली आणि डबीच्या झाकणाने चकत्या पाडल्या. “ठसा मारायच्या आधी चकती दोन पट्ट्यांमधून गडगडत नेतात,” पाहुणी आठवून सांगत होती. “दोन्हीकडून दाब बसला की कड उचलते.” तिने दोन फुटपट्ट्या धरल्या आणि शिट्टीने अख्खी चकती मधून फिरवली. कड सगळीकडून छान उचलली. मग झाकणानेच खाच पाडून चावकी केलेली चकती फिरवली. खाच एका पट्टीपाशी आली, तिथे टेकायला काहीच नव्हतं, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसला नाही.

खाचेच्या बरोब्बर समोर कड उचललीच नाही!

पाहुणीने घरून आजोबांच्या रुमालातलं नाणं आणून शेजारी ठेवलं. हुबेहूब! तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. हे सगळं ज्या बाईला सांगावं, ती तेवढी नव्हती.

रविवारी प्रदर्शनाला निघायच्या वेळी आजोबा म्हणाले, “तुम्हीच जा.”

“आम्हाला बस कळत नाही,” पाहुणी म्हणाली. तिला ती चांगली कळत होती. आजोबांनी चपला घातल्या.

सभागृहात काकांच्या टेबलापाशी गिऱ्हाइकं होती. पाहुणी टपालच्या कानात म्हणाली, “आम्ही काकांची चोरी पकडणार आहोत. कुणाला सांगू नकोस हं!” झालं! बघता बघता सगळं सभागृह टेबलाभोवती गोळा झालं. प्रदर्शनाच्या अध्यक्षबाईसुद्धा आल्या. त्यांची सगळी नोकरी टांकसाळीत गेली होती.

“काका,” पाहुणीने विचारलं, “ही नाणी नक्की टांकसाळीतून अशीच आली?”

“अर्थात!”

“मग ही कोर यात कशी बसते?” तिने मूठ उघडली आणि एक कोर एका नाण्याच्या खाचेला लावली. बसली नाही. दुसरी लावली. तीही नाही. काका हसू लागले. तिसरी मात्र चपखल बसली, आणि तुटलेलं अक्षर पुरं झालं!

“हे... कचऱ्यातलं काहीतरी आहे!”

“हो, सगळं तुमच्याच कचऱ्यातलं!” शिट्टीची शिट्टी सभागृहभर घुमली.

अध्यक्षबाईंनी भिंगातून काकांचं नाणं पाहिलं. मग पाहुणीने आजोबांचं नाणं पुढे केलं आणि काकांनी ते मांडू नका म्हटलं होतं, हेही सांगितलं. बाई ते बराच वेळ फिरवत राहिल्या.

“हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “खाचेसमोरची पुसट कड, हीच खूण! यांची कापलेली नाणी मात्र सगळीकडून ठसठशीत. दोन्ही शेजारी मांडली असती तर फरक लगेच दिसला असता.” त्या काकांकडे वळल्या. “म्हणून तुम्हाला हे प्रदर्शनात नको होतं ना, हो?”

काका टेबल आवरायला लागले. पण गिऱ्हाइकांनी त्यांना कुठे जाऊ दिलं!

“शाब्बास रे पोरांनो! हे कोडं उलगडलं कुणी?” बाईंनी विचारलं.

“आमच्या पाहुणीने! म्हणजे, आमच्या गल्लीतलीच आहे ती,” शिट्टी म्हणाला.

नाणं काचेखाली ठेवलं गेलं. ‘कुणाकडून’ या चिठ्ठीवर आजोबांनी स्वतःच्या हाताने आजीचं नाव लिहिलं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. पाहुणीने विचारलं, “आजोबा, आजीला तेव्हा कडेचं माहीत होतं?”

“छे गं! नंतर टांकसाळीबद्दल खूप वाचलं तिने. पण त्या दिवशी नाण्याकडे धड पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत होती.” ते खिडकीबाहेर पाहत राहिले. “तेवढ्यावर नाणं ठेवून घेतलं तिने.”

घरी आल्यावर ते पुढच्या खोलीत गेले आणि खिडकीच्या कडीला हात घातला. खिडकी हलली नाही.

“ये गं,” ते म्हणाले. “एकट्याने उघडत नाही ही.”

दोघांनी मिळून धक्का दिला.