न मानलेले आभार

लिफ्टवाला दुपारी दोनला दवाखान्यात शिरला, तेव्हा त्याच्या पिशवीत लेकीचे दोन धुतलेले फ्रॉक आणि उशीचा अभ्रा होता, बस्स. बायको घरी बाळंतीण, म्हणून लेकीजवळ दुपारची पाळी त्याची. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करता करता माणूस भलता संशयी झालेला. दोर कुरकुरला तर कुरकुरला का, आणि नाही कुरकुरला तर का नाही, म्हणून कान लावून बसायचा! बायको म्हणायची, तुम्हाला कुणी नमस्कार केला तरी तुम्ही आधी मागे वळून बघता.

चिमी पाच वर्षांची. न्यूमोनिया झालेला, आठवडाभर सहा नंबरच्या खाटेवर. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पोरीची छाती थकलीय, पुढचे दोन दिवस जड आहेत.

त्या दुपारी खाटेशी एक सिस्टर बसली होती. वयस्कर, हडकुळी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिचा तळहात चिमीच्या छातीवर होता आणि सकाळी धापा टाकणारी पोर गाढ झोपली होती. लिफ्टवाल्याला भरून आलं. हात जोडून तो बोलणार, तोच तिनं मान हलवली.

"आभार नका मानू. मानलेत की मला जावं लागतं."

झालं! त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. जावं लागतं म्हणजे कुठं? दाराशी टेबलावर दुसरी नर्स नोंदी करत होती, तिला त्यानं विचारलं. दुपारी वॉर्डात मी एकटीच असते, ती म्हणाली. मग त्यानं त्या बाह्या दुमडलेल्या सिस्टरचं वर्णन केलं, आणि नर्सचं पेन थांबलं.

"तुम्ही तिला… काही बोललात?"

नाही म्हटल्यावर तिनं सुस्कारा सोडला आणि खाली मान घालून लिहू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं खाटेवरचा पंखा बंद केला आणि नीट कान दिला. ओल्या फरशीचा आणि औषधाचा उग्र वास दाटला होता. पोरीचा श्वास ऐकू येत होता, सिस्टरचा येत नव्हता. छाती मात्र दोघींचीही हलत होती, एकदमच, तसूभर फरक नाही. एकाच मोटरवर दोन लिफ्ट चालाव्यात, तसं. मग कोण कुणाच्या जिवावर चाललंय? ही बाई पोरीला श्वास देतेय, की पोरीचा ओढून घेतेय?

त्यानं सिस्टरचं थंडगार मनगट धरलं आणि हात उचलला.

चिमीची छाती खाली गेली. वर आलीच नाही. एक… दोन… तीन… पोरीचे ओठ निळे पडू लागले. त्यानंच तो हात घाईघाईनं परत जागेवर ठेवला.

"चुकलो सिस्टर… काढू नका…"

"मी कुठं काढला?" ती न रागावता म्हणाली.

पाचव्या दिवशी चिमी स्वतःच्या पायांनी घरी आली. सिस्टर काही पुन्हा दिसली नाही. चिमीच्या छातीवर हात ठेवून बसणाऱ्या सिस्टरचं ऐकल्यापासून बायकोनं मात्र टुमणं लावलं, त्या बाईंचे आभार मानून या. तो आज-उद्या करत राहिला. इतके कसे हो तुम्ही निगरगट्ट, ती एकदा म्हणाली, आणि ते त्याला फार लागलं. त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं इतकं त्याला वाटत होतं. पण शब्द ओठांवर आला की ते निळे ओठ आठवायचे आणि तो शब्द गिळून टाकायचा. बायकोला सांगणार तरी काय?

एका दुपारी शेजारची पोरं अंगणात श्वास रोखायचा खेळ खेळत होती. एकेक करून सगळी हरली. चिमी नाक चिमटीत धरून, तोंड घट्ट मिटून बसलेली. पोरांनी ऐंशीपर्यंत आकडे मोजले आणि कंटाळून निघून गेली. लिफ्टवाला तिच्यासमोर बसला. नाक बंद, तोंड बंद, आणि फ्रॉक छातीवर संथपणे वर जात होता, खाली येत होता.

आत बायको टेबलाशी बसली होती. तुम्ही नाही तर मी लिहिते, असं सकाळीच म्हणाली होती. आता लिहिलेलं ती मोठ्यानं वाचू लागली.

"सिस्टर, तुमचे मनापासून आभार…"

तो ओरडला. मग त्यानं पोरीकडे पाहिलं. फ्रॉक खाली गेला होता. तो वर येण्याची वाट बघत, तोंडातल्या तोंडात आकडे मोजत, तो तसाच बसून राहिला.